परीक्षेच्या दिवसांत रूममेट जागरणासाठी गोळ्या घेतोय, मी काय करू?

आधी त्याला एकटं सोडू नकोस.

अशा गोळ्यांपैकी मोडाफिनिल हे झोपेच्या आजारांवरचं औषध, मिथाइलफेनिडेट एडीएचडीवरचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो तो विकार). दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. मोडाफिनिलचा अंमल निम्म्यावर यायलाच 12 ते 15 तास लागतात, त्यामुळे दुपारी घेतलेल्या गोळीने रात्रीची झोप उडते. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप तर हवीच.

आमच्या होस्टेलवर एक जण असाच जागायचा. पेपरच्या सकाळी समोर पोहे, हात थरथरतोय, चमचा प्लेटवर वाजतोय. मूळ कारण नंतर कळलं: दोन विषय राहिलेले आणि घरी सांगायची हिंमत नाही. आम्ही तिघं रोज रात्री त्याला ओढून मेसला न्यायचो. आठवड्याभराने तो आपणहून बोलला.

म्हणून सुरुवात ‘गोळ्या सोड’पासून करू नकोस. कशाचं टेन्शन आहे ते विचार, आणि मधे न बोलता ऐक. छातीत दुखत असेल, धडधड थांबत नसेल तर थेट दवाखान्यात ने. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो लावत नसेल तर तूच लाव, त्याच्या शेजारी बसून.