प्रार्थनेत मनच लागत नाही

प्रश्न: ताई, आई आजारी आहे, रोज प्रार्थना करते पण फरक नाही, आता बसलं की नुसती चिडचिड होते. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: अगं नाही गं, ती चिडचिडच देवाला सांग ना, बायबलमधलं स्तोत्र 13 उघडून बघ, दावीद राजा सुरुवातच 'कोठवर' म्हणून करतो, तेही चारदा, आणि सहाव्या वचनाला गायला लागतो, मधे परिस्थिती बदलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच, सोसायला कृपा मिळाली. विश्वास कमी म्हणून आजार असं म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष कर, मला तर रागच येतो असल्यांचा! तासभर बसू नकोस, आईला गोळ्या देताना दोन वाक्यं बोल, बास. आणि चर्चमधल्या बायकांना सांग, एखादी रात्र त्या बसतील आईजवळ, तू झोप काढ.