निवडणुका तीन झाल्या, बदल अर्ज एकही नाही

प्रश्न (भुसावळ परिसरातील एका हॉकी संघटनेच्या सचिवांकडून) : आमची जिल्हा संघटना धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे. २०२३ मध्ये निवडणूक होऊन मी सचिव झालो. आता राज्य संघटनेने दुसऱ्या गटाच्या अस्थायी समितीला मान्यता दिली आहे. आम्ही पाठवलेली खेळाडूंची यादी हॉकी इंडियाच्या पोर्टलवर चढलीच नाही आणि आमच्या सब-ज्युनियर मुली निवड चाचणीच्या मैदानावरून परत आल्या. राज्य संघटनेच्या पत्राला उत्तर देण्यासाठी ३० दिवस होते, ते राहून गेले. हॉकी इंडियाकडे दाद मागावी की जळगावच्या कोर्टात दावा लावावा?

उत्तर : सचिवसाहेब, तुम्ही जोडलेल्या कागदांत खरा कागद पीटीआर उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उतारा) आहे, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. त्या उताऱ्यावर आजही २०११ च्या कार्यकारिणीची नावे आहेत. त्यातले दोघे हयात नाहीत. २०१५, २०१९ आणि २०२३ अशा तीन निवडणुका तुम्ही घेतल्या, हार घातले, फोटो काढले, पण नवी कार्यकारिणी धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज एकदाही दिला नाही. तुमचे सगळे दुखणे इथून सुरू होते. खान्देशातल्या किती व्यायामशाळा, क्रीडा मंडळे आणि शिक्षण संस्था याच एका हलगर्जीपणामुळे दोन गटांत फाटल्या आहेत!

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम २२ सांगते की विश्वस्तांत, म्हणजे तुमच्या कार्यकारिणीत, बदल झाला की ९० दिवसांत कळवा. राज्य संघटनेच्या पत्रात ‘अद्ययावत पीटीआर उतारा सादर करा’ एवढीच मागणी होती. राज्य संघटनेला तुमचे प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) दिसत नाही, सरकारी नोंदवही दिसते. बदल अर्ज मंजूर व्हायचा आहे म्हणून निवडून आलेल्या समितीचा कारभार थांबत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे, आणि तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. पण त्या निकालाचा आधार अर्ज दाखल केलेल्याला मिळतो. तुम्ही तर तोही केलेला नाही.

दिल्लीला हॉकी इंडियाकडे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नका. हॉकीचा कारभार साखळीने चालतो. आंतरराष्ट्रीय महासंघ एका देशातून एकच संघटना ओळखतो. आपल्याकडे ती २००९ मध्ये स्थापन झालेली हॉकी इंडिया. तिची सदस्य राज्य संघटना, आणि जिल्हा राज्याच्या खाली. तुम्ही हॉकी इंडियाचे थेट सदस्य नाही, म्हणून तुमचे पत्र बहुधा राज्याकडेच परत येईल. घटनेत आणि नोंदीत खोट निघाली तर राष्ट्रीय संघटनाही सुटत नाही. २०२२ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हॉकी इंडियातली आजीव अध्यक्ष, आजीव सदस्य ही पदे केंद्र सरकारच्या क्रीडा संहितेच्या विरुद्ध ठरवली आणि कारभार प्रशासक समितीकडे दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणूक होऊन दिलीप तिर्की अध्यक्ष झाले.

२०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आणि त्यातले न्यायाधिकरण तुमच्या कामाला येईल का? आज मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. तुमचा पीटीआर तिथे दुरुस्त होत नाही. दिवाणी दाव्यातही त्याच १९५० च्या अधिनियमाचे कलम ८० आडवे येईल, कारण विश्वस्त कोण हे ठरवण्याचे काम धर्मादाय यंत्रणेचे आहे.

म्हणून सहायक धर्मादाय आयुक्तांकडे तीन वेगळे बदल अर्ज द्या : आधी २०१५ चा, मग २०१९ चा, मग २०२३ चा. थेट शेवटचा दिलात तर मधली कडी तुटलेली राहते आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला तिथे बोट ठेवतो. प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज हवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसे कारण असेल तर खर्च भरून विलंब माफ होतो. कारण खरे लिहा. ‘माहिती नव्हती’ हे इतक्या वर्षांच्या विलंबासाठी चालणार नाही.

आता प्रोसिडिंग बुक उघडा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत २०१९ च्या सभेच्या आधीचे एक पान कोरे आहे आणि सह्यांतल्या शेवटच्या चार वेगळ्या शाईत आहेत. ते पान आता भरू नका, काहीही खाडाखोड करू नका; तसे केलेत तर तिन्ही अर्ज बुडतील. या प्रकरणात सभेपेक्षा सभेची नोटीस जड आहे. तुमच्या नियमावलीत सभासदांना १५ दिवस आधी नोटीस देण्याची अट आहे. पोस्टाच्या पावत्या, जावक रजिस्टर, नोटिशीवरच्या पोच सह्या, जे मिळेल ते शोधा. सोबत त्या वेळची सभासद यादी, ठरावाची प्रत, निवडून आलेल्यांची संमतिपत्रे, मयतांचे मृत्यू दाखले आणि जुन्या पदाधिकाऱ्यांची शपथपत्रे लावा.

कायद्याने १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते, मग हरकतींसाठी ३० दिवस. दुसरा गट हरकत घेणारच. त्यानंतरची चौकशी ३ महिन्यांत संपवावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि तेवढ्यात खेळाडूंचा वयोगट उलटून जातो. हा विलंब मला मनापासून खटकतो. तुमच्याकडून एकही तारीख मागू नका, साक्षीची शपथपत्रे तयारच ठेवा. तरीही रेंगाळले तर ठरावीक मुदतीत निकालाचा आदेश मागायला छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जा; खान्देशचे तिन्ही जिल्हे तिथेच येतात. धर्मादाय कार्यालयाचा निकाल विरुद्ध गेला तर त्याच अधिनियमाच्या कलम ७० खाली अपिलाला ६० दिवस आहेत. ही मुदत तरी चुकवू नका.

राज्य संघटनेला याच आठवड्यात, अर्जांच्या पोचपावत्या जोडून, रजिस्टर्ड पोस्टाने उशिराचे उत्तर द्या. ती ऐकेल याची खात्री देता येत नाही, पण फाइलीत तुमचा कागद हवा.

मुलींना मात्र या भांडणात अडकवू नका. हॉकी इंडियाच्या पोर्टलवर खेळाडूची नोंद राज्य संघटनेच्या लॉगिनमधून होते. पालकांच्या सहीने, जन्मदाखला आणि आधार जोडून, प्रत्येक मुलीचा अर्ज थेट राज्याकडे पाठवा. यादी अस्थायी समितीमार्फतच घेऊ असे ते म्हणाले तर ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’ एवढे लिहून तिच्यामार्फत द्या. त्याने तुमचा दावा कमकुवत होत नाही, आणि पुढच्या चाचणीला मुली मैदानात उतरतील.