ठेकेदाराची नोटीस आणि कामगाराचा अंगठा

प्रश्न: मॅनहोल साफ करणाऱ्या कंत्राटी कामगारांवर मी ४० मिनिटांचा माहितीपट केला. यूट्यूबवर टाकल्यावर आठवड्यात ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली. १५ दिवसांत फिल्म काढा, नाहीतर ५० लाखांचा अब्रूनुकसानीचा दावा करू, असं त्यात आहे. सोबत एका कामगाराचं पत्रही आहे: ‘मर्जीविरुद्ध शूटिंग केलं, मला काढून टाका.’ त्याने कॅमेऱ्यासमोर होकार दिला होता, लेखी काही घेतलेलं नाही. पुढे सभागृहातही खेळ लावायचा आहे. काय करू?

उत्तर: घाबरून फिल्म उतरवू नका, आणि चिडून नोटिशीला स्वतः उत्तरही धाडू नका. ठेकेदाराची नोटीस सहा पानांची आहे, कामगाराचं पत्र चार ओळींचं. मला त्या चार ओळींची काळजी जास्त वाटते.

आधी ठेकेदार. नोटिशीत ‘समाजातील प्रतिष्ठा’ पानोपानी आहे, पण फिल्ममधलं कोणतं वाक्य खोटं, ते कुठेच नाही. खरी आणि लोकहितासाठी सांगितलेली गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रूनुकसानी ठरत नाही. तुमच्या फिल्ममध्ये माणूस मास्क नाही, दोर नाही, असा उघड्या अंगाने चेंबरमध्ये उतरतो. सुरक्षेची साधनं न देता कोणाला असं उतरवायला हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याचं कलम ७ मनाई करतं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गुन्हा अजामीनपात्र. शिक्षा उतरवणाऱ्याला आहे, उतरणाऱ्याला नाही. दावा लावला तर ठेकेदाराला हेच फूटेज न्यायाधीशांच्या शेजारी बसून बघावं लागेल, हे त्याच्या वकिलालाही कळतं.

तरी लावलाच, तर तो आधी तात्पुरता मनाई हुकूम मागेल. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मजकूर द्वेषाने लिहिलेला किंवा उघड खोटा असल्याचं दिसल्याशिवाय खटल्याआधी तो रोखू नये.

एक जागा मात्र कच्ची आहे. निवेदनात तुम्ही म्हणता, ‘हा ठेकेदार मजुरांचे पैसे खातो.’ कागद आहे का? नसेल तर ते वाक्य आजच कापा. आणि मूळ मेमरी कार्ड पुसू नका, त्यावर परत शूट करू नका. पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

आता ते पत्र. टाइप केलेलं, खाली अंगठा. अक्षरांचं वळण नोटिशीसारखंच, अगदी समासासकट. आणि तुमच्याच फिल्ममध्ये अकराव्या मिनिटाला हा माणूस हजेरीपटावर झोकात सही करतो! पत्र कोणी लिहून घेतलं असेल, हे सांगायला वकील लागत नाही. ही विसंगती कोर्टात दाखवायचा मोह तुम्हाला होईल, मलाही झाला. पण त्याने तुम्ही जिंकाल आणि त्याचं काम जाईल.

तोंडी होकार कायद्याला चालतो. प्रश्न असा, की होकार कशाला होता? फिल्म मोबाइलवर कोणीही बघेल, हे त्याला सांगितलं होतं का? विचारलं तेव्हा मुकादम शेजारी होता का? मुकादमासमोरचा ‘काढा की’ हा होकार मी तरी पुरा धरणार नाही.

त्याला कामाच्या ठिकाणी गाठू नका. विश्वासातल्या माणसाकरवी एकट्याला भेटा, फिल्म दाखवा. काढा म्हणाला तर वाद न घालता काढा. राहू द्या म्हणाला तर त्याच्या भाषेत लिहून, वाचून दाखवून सही घ्या. दबाव होता असं सांगितलं, तरी तूर्त ओळख झाकाच, कारण उद्या त्याला त्याच ठेकेदाराकडे हजेरी लावायची आहे. नुसता चेहरा धूसर करून भागणार नाही. दंडावर नाव गोंदलेलं आहे, आवाज शेजारीपाजारी ओळखतील, आणि मागे त्याच्या घराचं दार दिसतं. तिन्ही झाका.

हा बदल कामगाराच्या सुरक्षेसाठी केला, ठेकेदाराचा एकही आरोप मान्य नाही, हे नोटिशीच्या उत्तरात मी स्पष्ट लिहीन.

सभागृहात खेळ लावायचा म्हणता, तर माहितीपटालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तो अर्ज वेगळा. नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस आहेत. आधी कामगाराला भेटा, मग कार्ड घेऊन माझ्याकडे या.