क्लच घसरतो, शिम कमी केली तर तेल गळतं

प्रश्न : माझ्या रेस कारला दोन प्लेटचा पुश क्लच (बेअरिंगने ढकलून सुटणारा) आणि हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग (तेलाच्या दाबाने पुढे सरकून क्लच सोडवणारं) आहे. पाच-सहा लॅपनंतर चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढतात, वेग वाढत नाही. बेअरिंगमागची शिम (जाडी भरून काढणारी चकती) पातळ केली, घसरणं थांबलं. आता बेल हाउसिंगखाली (क्लचभोवतीच्या कवचाखाली) तेल दिसतं. बेअरिंग आणि क्लचच्या बोटांमधला गॅप नेमका किती ठेवायचा?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : केबल क्लचचा फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) इथे डोक्यातून काढून टाका. हायड्रॉलिक बेअरिंगला मागे ओढणारी स्प्रिंग बहुधा नसते. डायफ्रामची (क्लचच्या चपट्या गोल स्प्रिंगची) बोटं ढकलतील तेवढंच ते मागे जातं आणि त्यांना टेकून राहतं. गॅप मोजायचा तो पिस्टन पूर्ण आत दाबून. ही जागा झिजेसाठी राखलेली. प्लेट झिजली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनमागच्या जड चाकाकडे) सरकते, बोटांची टोकं मात्र गिअरबॉक्सकडे येतात, तीही तरफेमुळे झिजेच्या काही पट. जागा संपली की पेडलवर कायम पाय ठेवल्यासारखं होतं.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) तपासा. क्लच घसरू लागला की गाडी थांबवा, चष्मा घाला आणि ब्लीड निपल (तेलातली हवा काढायचा स्क्रू) क्षणभर सैल करा. तेल दाबाने उडालं आणि त्यानंतर क्लच पकडला, तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण परतत नाही; पुशरॉडला (पेडलपासून त्या पिस्टनपर्यंतच्या दांड्याला) सुमारे १ मिमी मोकळीक द्या. काहीच फरक पडला नाही तरच गॅपकडे वळा.

क्लच पूर्ण टॉर्कला आवळून इंजिनच्या मागच्या फेसपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजा. बोल्ट ढिले असतील तर बोटांची जागाच वेगळी येते. मग बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून बेअरिंगपर्यंतची खोली घ्या. मध्ये अॅडॉप्टर प्लेट असेल तर तिची जाडी या खोलीत मिळवा. बोटं ५८.५ मिमी आणि खोली ६६.५ मिमी असेल तर गॅप ८ मिमी. नव्या प्लेटवर साधारण ४ मिमी हवा, म्हणून ४ मिमीची शिम. क्लच बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. शिम एकसंध, लेथवर काढलेली, दोन्ही बाजू समांतर. वॉशर रचून काम भागवलं तर बेअरिंग तिरकं बसतं.

तेल गळतंय ते याच हिशेबामुळे असावं. ४ मिमी गॅप आणि क्लच सुटायला ७ मिमी धरले तर पिस्टन ११ मिमी बाहेर येतो. गॅप ८ झाला की १५. तेवढी चाल बेअरिंगमध्ये नसेल तर पिस्टन सीलबाहेर जातो. सील बदला आणि प्लेटांवर तेल गेलंय का तेही बघा. गिअरबॉक्स खाली असताना पेडलला हात लावू नका, पिस्टन सरळ बाहेर पडेल.

शेवटी पेडलखाली स्टॉप बसवा. मागची चाकं उचलून गिअर टाका, पेडल हळूहळू दाबा आणि चाक हाताने फिरू लागलं की त्याच्या किंचित पुढे स्टॉप पक्का करा.