अपोलोजेटिक्सच्या आधी थोडं हे वाच

अरे, अपोलोजेटिक्स म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची तर्काने बाजू मांडणं, पण त्यासाठी डायरेक्ट डिबेटचे व्हिडिओ बघत बसू नकोस, तिथे जिंकायची घाई असते आणि समजायचं राहूनच जातं. आधी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, एका बैठकीत वाच, 16च अध्याय आहेत. मग अक्वायनस, मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ. त्याचा 'सुम्मा' हा जाडजूड ग्रंथ सलग वाचायचा नसतोच, देव आहे का एवढाच भाग घे, तिथे तो आधी विरोधकांचे मुद्दे मांडतो, जगात वाईट आहे मग देव कसा हा पहिलाच, मग स्वतःचं म्हणणं आणि शेवटी एकेकाला उत्तर. वहीत तसंच लिहीत जा. देवाच्या नुसत्या कल्पनेवरूनच देव आहे असं सिद्ध करू बघणारा मठवासी अन्सेल्म घेतलास तर त्याच्यावरचा गाउनिलोचा आक्षेप सोडू नकोस, गाउनिलो पण मठातलाच, म्हणजे श्रद्धावानच श्रद्धावानाचा पुरावा खोडतोय, भारी मजा येते. त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीला, मात्र हात लावण्याआधी इ.स. 325 ची निकेया परिषद, म्हणजे बिशपांची सभा, कशावरून भांडली ते बघ.