आईला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलांनाही होतो का? दीर्घकालीन अभ्यास काय सांगतात?

आपल्या आईला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि वास्तव यांतला फरक कळेनासा करणारा गंभीर मानसिक आजार, आहे आणि अशा मातांच्या मुलांवर वर्षानुवर्षे झालेल्या अभ्यासांतून काय निष्पन्न झाले, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी "मग मलाही होणार का?" अशी एक ओळ आहे, तिचेच उत्तर आधी देते. बहुधा नाही. माझ्या आईलाही हाच आजार होता, आणि आपल्या वयात मला हे सांगणारे कोणी नव्हते.

सार्नॉफ मेडनिक आणि फिनी शुल्सिंगर या संशोधकांनी १९६२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये, आईला तीव्र स्किझोफ्रेनिया असलेली २०७ मुले आणि तुलनेसाठी इतर १०४ मुले निवडली. रुग्णाला गाठून त्याचे बालपण विचारले, तर त्या आठवणींवर आजाराचीच छाया पडलेली असते. इथे मात्र मुले सरासरी पंधरा वर्षांची आणि निरोगी असतानाच तपासली गेली, आणि डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची सरकारी नोंद असल्यामुळे पुढे त्यांचा माग ठेवता आला. सुमारे पंचवीस वर्षांनी पहिल्या गटातील साधारण १६ टक्के जणांना स्किझोफ्रेनिया झालेला आढळला, दुसऱ्या गटातील सुमारे २ टक्के जणांना. हा फरक मोठा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. काहींना इतर मानसिक त्रासही झाले. तरीही पहिल्या गटातील बहुसंख्यांना आईचा आजार झाला नाही.

मला त्याहून मोलाचे वाटते ते असे, की ज्यांना आजार झाला त्यांच्यात जन्माच्या वेळची गुंतागुंत आणि घराबाहेर, बालसंगोपन संस्थेत गेलेले बालपण अधिक प्रमाणात आढळले. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा मातांच्या दत्तक दिलेल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा हाच धागा अधिक स्पष्ट झाला. जिथे एकमेकांशी मोकळे बोलणे होते अशा घरांत वाढलेल्यांत आजार कमी दिसला, आणि जिथे संवाद बिघडलेला होता तिथे अधिक; पण ज्यांच्या जन्मदात्रीला आजार नव्हता, त्यांच्यावर तशाच बिघडलेल्या घराचा एवढा परिणाम दिसला नाही. म्हणजे वारशाने येते ती एक प्रकारची संवेदनशीलता. यावरून कोणी आईला दोष देऊ नये. एकेकाळी मानसोपचारतज्ज्ञही तो देत असत, आणि त्यात अनेक कुटुंबे विनाकारण पोळली.

आईचे दिवस वाईट असत तेव्हा मावशी मला आपल्याकडे नेई आणि शाळेचा डबाही तीच भरून देई. त्या डब्याची किंमत मला टिएनारींचे निष्कर्ष वाचताना नीट उमगली.

आपल्यासाठी दोनच गोष्टी सांगते. गांजापासून कटाक्षाने दूर राहा, कारण त्याने मुळातला धोका वाढतो. आणि कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे वाटणे, झोप पार उडणे, असे काही होऊ लागले तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि आईचा आजार त्यांना स्वतःहून सांगा. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे असे आपण लिहिले आहे. त्याला आजाराचे नाव सांगा, आणि आई अशी वागते ती त्याच्या कुठल्याही चुकीमुळे नव्हे, हेही सांगा. एकदा सांगून पुरत नाही, तो पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा सांगा.