डेन्व्हरहून कोलोरॅडोतलीच बेंट्स ओल्ड फोर्ट ही जुनी व्यापारी वखार पाहायला आईवडिलांना न्यावे का? तीन तासांचा प्रवास सार्थकी लागतो का?

जरूर न्यावे, फक्त सोबत आमच्या मेहुण्यांसारखे कोणी नसावे. पुण्याहून आलेल्या मेहुण्यांना मी मोठ्या हौसेने तेथे नेले, तर "हे १९७६ साली बांधलेले आहे, रायगड पाहिलेल्याने हा देखावा कशाला पाहायचा?" असे दारातच सुनावून ते सावलीला जाऊन बसले.

मुळात हा लढाईचा किल्ला नव्हताच. बेंट बंधू आणि सेरान सेंट व्हरेन यांनी १८३३ साली आर्कान्सा नदीच्या उत्तर काठावर कच्च्या विटांची ही वखार उभारली, तेव्हा नदीपलीकडे मेक्सिको सुरू होत असे. शायान आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींचे लोक बायसनची (तिथल्या रानगव्यांची) कमावलेली कातडी आणून बदल्यात कापड, भांडी, मणी नेत. १८४९ मध्ये वखार ओस पडली आणि भिंती मातीत मिळाल्या. मात्र १८४६ साली आजारपणामुळे येथे मुक्काम पडलेल्या लेफ्टनंट जेम्स एबर्टने वास्तूची मोजमापे आणि चित्रे काढून ठेवली होती. ती आणि उत्खननात मिळालेला पाया यांच्या आधारे आजची वास्तू मूळ जागीच उभी आहे. याला देखावा म्हणणे हा आळस आहे.

माझे बालपण खामगावला जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात गेले. त्यामुळे चौकात कातड्यांचे गठ्ठे आवळायचा लाकडी प्रेस दिसताच मला रुईच्या गाठी आठवल्या. मिसूरीपर्यंतच्या लांबच्या वाटेवर गाडीतली जागा म्हणजेच पैसा, म्हणून माल दाबून आवळायचा, हे त्या प्रेसच्या दांड्यापाशी उभे राहिल्यावर जसे कळते तसे नुसत्या पडक्या चौथऱ्यावरून कधीच कळले नसते. मेहुण्यांनी तो पाहिलाही नाही.

आईवडिलांबाबत सांगायचे तर गाडीतळापासून दारापर्यंत बरेच चालावे लागते, वरच्या मजल्यावर जिन्यानेच जाता येते आणि उन्हाळ्यात ऊन फार असते. दुरुस्तीसाठी काही भाग बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

मेहुण्यांना खोट काढायचीच होती, तर ती येथील नीटनेटकेपणात काढायला हवी होती, कारण या व्यवहाराचे पुढे काय झाले ते या सारवलेल्या भिंतींवरून उमगत नाही. त्यासाठी सव्वा-दीड तासावरच्या सँड क्रीकला जावे. तेथे २९ नोव्हेंबर १८६४ रोजी अमेरिकी सैनिकांनी शायान आणि अरापाहो लोकांची कत्तल केली, तेव्हा वखारीच्या बेंट बंधूंपैकी विल्यमची मुलेही त्या छावणीत होती.